व्याख्येबाहेरच्या स्त्रिया : एचआयव्ही, एचपीव्ही आणि एका नोंदीसाठीचा लढा

१.
१० डिसेंबर २००८ रोजी स्टॉकहोम येथे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून देण्यात आले. अर्धा हिस्सा जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना मिळाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, असतो हे त्यांनी दाखवले होते. उरलेला अर्धा हिस्सा फ्रान्सच्या फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि लुक माँतान्ये यांना एचआयव्हीच्या शोधाबद्दल मिळाला.

दोन विषाणू त्या दिवशी एका मंचावर आले. स्त्रियांच्या शरीरात ते कितीतरी आधीपासून एकत्र नांदत होते. ही गोष्ट सरकारी दप्तरात नोंदली जावी, यासाठी मात्र काही स्त्रियांना रस्त्यावर आणि न्यायालयात उतरावे लागले. त्या लढ्याचा हा इतिहास.

२.
आरंभी एक योगायोग. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी पुढे एचआयव्ही म्हणून ओळखल्या गेलेल्या विषाणूची माहिती १९८३ साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी त्सुर हाउझेन यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या गाठींत एचपीव्हीचा १६ वा प्रकार सापडल्याचे जाहीर केले. पुढल्या वर्षी १८ वा प्रकार सापडला. या कर्करोगाचे सुमारे ७० टक्के रुग्ण या दोन प्रकारांमुळे होतात.

दोन्ही विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतात. तरीही दोन्हींचे शास्त्रज्ञ वेगळे, परिषदा वेगळ्या आणि दवाखानेही वेगळे राहिले.

३.
गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा लैंगिक जीवनाशी संबंध असावा, हा संशय जुना आहे. इटलीतील डॉमेनिको रिगोनी-स्टर्न या वैद्याने १८४२ साली व्हेरोना शहराच्या मृत्युनोंदी तपासल्या. विवाहित स्त्रियांत गर्भाशयाचा कर्करोग अधिक आणि मठातील जोगिणींत अत्यल्प, असे त्याला आढळले. कारण काय, हे त्याला सांगता येणे शक्यच नव्हते. पण नोंदवह्या नीट वाचल्या, तर रोगाचा माग लागतो, एवढे त्याने दाखवून दिले. या इतिहासात नोंदवहीचे महत्त्व पुन्हा पुन्हा दिसेल.

४.
१९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीचा याच कर्करोगाने मृत्यू झाला. तिच्या गाठीतून, तिला न विचारता, घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढत राहिल्या आणि ‘हेला’ या नावाने जगभर पोहोचल्या. त्याच पेशींत पुढे एचपीव्हीचा १८ वा प्रकार सापडला. तिच्या शरीराने विज्ञानाला अमाप दिले. तिच्या कुटुंबाला मात्र अनेक वर्षे त्याचा पत्ताही नव्हता.

५.
या कर्करोगाचे एक वैशिष्ट्य असे की तो अवचित येत नाही. एचपीव्हीचा संसर्ग असंख्य स्त्रियांना होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्या बाबतीत तो टिकून राहतो, पेशींत बदल घडवतो, आणि त्या बदलांतून कर्करोग व्हायला साधारणतः १५ ते २० वर्षे लागतात. एवढ्या अवधीत तपासणी झाली, तर रोग होण्याआधीच रोखता येतो.

जॉर्ज पापानिकोलाऊ आणि हर्बर्ट ट्राउट यांनी १९४१ साली अमेरिकेत मांडलेली पॅप तपासणी याच तत्त्वावर उभी आहे. जिथे ती नियमित होऊ लागली, तिथे या रोगाचे मृत्यू झपाट्याने घटले.

६.
याची दुसरी बाजूही होती. अमेरिकेत १९८० च्या दशकापर्यंत हा कर्करोग मुख्यतः तपासणीपर्यंत न पोहोचणाऱ्या स्त्रियांचा रोग उरला. त्यांत गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. नेमक्या याच वस्त्यांत त्या दशकात एचआयव्हीही शिरत होता.

७.
एचआयव्ही शरीरातील सीडी-४ नावाच्या संरक्षक पेशी नष्ट करतो. या पेशी घटल्या की एचपीव्हीला हुसकावून लावण्याचे शरीराचे बळही घटते. संसर्ग टिकतो, पेशींतील बदल वेगाने होतात आणि उपचारानंतरही पुन्हा उद्भवतात. आज उपलब्ध असलेल्या विश्लेषणांनुसार, एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो.

१९८० च्या दशकात हा आकडा कोणाजवळ नव्हता. त्याचे एक कारण असे की तो शोधण्याची गरजच फारशी कोणाला वाटत नव्हती.

८.
अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, ५ जून १९८१ च्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधील पाच समलिंगी तरुणांच्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद केली. एड्सचा लिखित इतिहास या अहवालापासून सुरू होतो. १९८२ साली सीडीसीने ‘एड्स’ हे नाव वापरून रोगाची व्याख्या केली. ठरावीक संधिसाधू संसर्ग किंवा कापोसी सार्कोमासारखा कर्करोग झाला, तरच त्या व्यक्तीला एड्स आहे असे मानले जाई.

व्याख्येतील ही यादी ज्यांच्याकडे पाहून तयार झाली, ते बहुतांशी पुरुष होते.

९.
स्त्रिया तेव्हाही आजारी पडत होत्या. एड्सग्रस्त पुरुषांच्या स्त्री जोडीदारांत प्रतिकारशक्ती ढासळल्याची नोंद सीडीसीच्याच जानेवारी १९८३ च्या अहवालात आहे. पण त्यांच्या शरीरात रोगाची लक्षणे वेगळी दिसत. योनिमार्गाचा वारंवार होणारा बुरशीसंसर्ग, ओटीपोटातील दाहक आजार, गर्भाशयमुखाच्या पेशींतील बिघाड, पुन्हा पुन्हा होणारा जिवाणूजन्य न्यूमोनिया. यांपैकी एकही आजार यादीत नव्हता. १९८५ आणि १९८७ साली व्याख्या सुधारली गेली. तेव्हाही स्त्रीरोगांना तिच्यात जागा मिळाली नाही.

१०.
व्याख्या ही डॉक्टरांची आपसांतील गोष्ट, तिने रुग्णाला काय फरक पडतो, असे वाटू शकते. प्रत्यक्षात तिच्यावर बरेच काही अवलंबून होते. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा विभागाकडून अपंगत्व भत्ता मिळवताना ‘एड्स’ हे निदान असल्यास मार्ग सुकर होई. त्या भत्त्यावर अनेक ठिकाणी वैद्यकीय मदत आणि घरही अवलंबून असे. निदान नसेल, तर आपण काम करण्यास असमर्थ आहोत हे त्या स्त्रीला एकेका कागदानिशी सिद्ध करावे लागे. अंथरुणाला खिळलेल्या स्त्रियांचे अर्ज या कारणाने नाकारले जात.

११.
औषधांच्या चाचण्यांचा मार्गही असाच बंद होता. अपत्यक्षम वयातील स्त्रियांना औषधचाचण्यांच्या आरंभीच्या टप्प्यांतून वगळावे, अशी मार्गदर्शक सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ साली काढली होती. ती १९९३ पर्यंत लागू होती. म्हणजे रोगाच्या यादीत स्त्री नाही, औषधाच्या चाचणीत नाही आणि आकडेवारीतही नाही. आकडेवारीत नसल्यामुळे ‘स्त्रियांना एड्सचा धोका अल्प’ हे पुन्हा सिद्ध होई. हे चक्र आपणहून थांबणारे नव्हते.

१२.
जानेवारी १९८८ मध्ये अमेरिकेतील ‘कॉस्मोपॉलिटन’ या स्त्रियांच्या मासिकात एका मानसोपचारतज्ज्ञाचा लेख प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण स्त्री-पुरुष संबंधांतून निरोगी स्त्रीला एड्सची भीती जवळजवळ नाही, असा त्याचा सूर होता. ‘ॲक्ट अप’ या न्यूयॉर्कमधील संघटनेच्या स्त्री कार्यकर्त्यांनी मासिकाच्या कचेरीसमोर निदर्शने केली. या संघटनेतील स्त्रियांचा गट येथून संघटित होत गेला आणि त्याचा रोख लवकरच सीडीसीच्या व्याख्येकडे वळला.

१३.
या चळवळीचा दुसरा प्रवाह तुरुंगातून आला. न्यूयॉर्क राज्यातील बेडफर्ड हिल्स या स्त्रियांच्या तुरुंगात एचआयव्हीचे प्रमाण मोठे होते आणि भीती त्याहून मोठी. आजारी कैदी स्त्रीच्या ताटाला कोणी हात लावत नसे. १९८८ साली तिथल्या कैदी स्त्रियांनी स्वतःच एड्सविषयी समुपदेशन आणि शिक्षण देणारा गट उभारला. आजारी स्त्रियांची शुश्रूषा करणे, भीती घालवणे आणि माहिती देणे, हे काम त्या स्वतः करू लागल्या.

त्या गटाच्या संस्थापकांपैकी एक होत्या कतरिना हॅस्लिप. त्या कृष्णवर्णीय होत्या, एचआयव्हीबाधित होत्या आणि तुरुंगाच्या विधी ग्रंथालयात काम करता करता कायद्याचे बरेच ज्ञान त्यांनी मिळवले होते.

१४.
तिसरा प्रवाह न्यायालयाचा. न्यूयॉर्कमध्ये गरिबांना कायदेशीर मदत करणाऱ्या टेरी मॅकगव्हर्न या तरुण वकिलाकडे भत्ता नाकारलेल्या एचआयव्हीबाधित स्त्रिया एकामागून एक येऊ लागल्या. प्रत्येकीची कागदपत्रे निराळी, पण नकाराचे कारण एकच. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये मॅकगव्हर्न यांनी केंद्र सरकारविरुद्ध सामूहिक दावा दाखल केला. लगोलग वॉशिंग्टनमध्ये आरोग्य खात्याच्या इमारतीसमोर निदर्शने झाली. नुकत्याच तुरुंगातून सुटलेल्या कतरिना हॅस्लिप त्या निदर्शकांमध्ये होत्या. अटलांटा येथील सीडीसीच्या मुख्यालयावरही त्या वर्षी मोर्चे गेले.

चळवळीच्या एका गाजलेल्या भित्तिपत्रकाचा आशय असा होता : स्त्रियांना एड्स होत नाही, त्या नुसत्याच त्याने मरतात.

१५.
सीडीसीची बाजूही समजून घ्यायला हवी. व्याख्या ही मुळात रोगाची मोजणी करण्यासाठी होती. त्यासाठी एकसारखेपणा आणि काटेकोरपणा आवश्यक होता. स्त्रियांचे हे आजार एचआयव्ही नसलेल्या स्त्रियांनाही होतात, आणि ते एचआयव्हीमुळेच बळावतात असे दाखवणारा पुरावा पुरेसा नाही, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते.

त्यात तथ्य होते. पुरावा खरोखरच अपुरा होता. मात्र ज्यांचा अभ्यासच झाला नाही, त्यांच्याकडे अभ्यासाचा पुरावा मागितला जात होता.

१६.
तो पुरावा न्यूयॉर्कच्या सार्वजनिक रुग्णालयांतून पुढे आला. ब्रुकलिनमधील मिचेल मेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवले की गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांपैकी ज्यांना एचआयव्हीही आहे, त्यांचा रोग अधिक पुढच्या टप्प्यावर सापडतो आणि उपचारांना कमी दाद देतो. १९९१ साली ब्राँक्समधील स्टेन व्हर्मुंड आणि सहकाऱ्यांनी एचआयव्हीची लक्षणे असलेल्या स्त्रियांत एचपीव्ही आणि पेशींतील बिघाड यांचे मोठे प्रमाण नोंदवले. १९८३ साली वेगवेगळ्या प्रयोगशाळांत सापडलेले दोन विषाणू आता एकाच शोधनिबंधात आले.

१७.
नोव्हेंबर १९९१ मध्ये सीडीसीने एक तोडगा सुचवला. एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या रक्तात सीडी-४ पेशी प्रति घन मिलिमीटर २०० पेक्षा कमी असतील, तर तिला एड्स आहे असे मानावे. हा निकष स्त्री-पुरुष भेद करीत नव्हता. चळवळीतील स्त्रियांना तो पुरेसा वाटला नाही. कोणताही आजार व्याख्येत नावानिशी आला की डॉक्टर तो शोधू लागतात. गर्भाशयमुखाचे नावच यादीत नसेल, तर एचआयव्हीच्या दवाखान्यात पॅप तपासणी करणार कोण, हा त्यांचा प्रश्न होता.

१८.
१९९२ च्या उत्तरार्धात सीडीसीने माघार घेतली. सीडी-४ च्या निकषासोबत तीन आजार व्याख्येत घेण्याचे ठरले : फुप्फुसाचा क्षयरोग, वारंवार होणारा न्यूमोनिया आणि गर्भाशयमुखाचा पसरलेला कर्करोग. नवी व्याख्या १ जानेवारी १९९३ पासून अमलात आली.

कतरिना हॅस्लिप यांचा मृत्यू २ डिसेंबर १९९२ रोजी, ऐन तिशीत झाला. ज्या बदलासाठी त्या झगडल्या, तो अमलात यायला तेव्हा ३० दिवस उरले होते.

१९.
१९९३ साली अमेरिकेत नोंदल्या गेलेल्या एड्सच्या रुग्णांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. आदल्या वर्षीच्या संख्येच्या ती दुपटीहून अधिक होती, आणि वाढीचा वेग पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त होता. या वाढीतील मोठा वाटा सीडी-४ च्या निकषाचा होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण त्यात थोडेच होते. त्यामुळे केवळ आकड्यांनी या विजयाचे मोजमाप केले, तर तो लहान दिसेल.

त्याचा खरा परिणाम इतरत्र झाला. एचआयव्हीबाधित स्त्रीच्या गर्भाशयमुखाची तपासणी हा तिच्या नेहमीच्या उपचाराचा भाग मानला जाऊ लागला. सामाजिक सुरक्षा विभागाचे निकषही १९९३ साली बदलले. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांचा दीर्घकालीन, बहुकेंद्री अभ्यास अमेरिकेत याच सुमारास उभा राहिला.

२०.
१९९६ नंतर प्रभावी औषधयोजना, म्हणजे एआरटी, आली आणि एड्सचे मृत्यू वेगाने घटले. कापोसी सार्कोमाही झपाट्याने कमी झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मात्र तसा प्रतिसाद दिला नाही. औषधांनी प्रतिकारशक्ती सावरते, पण वर्षानुवर्षे मुरलेला एचपीव्ही संसर्ग आणि पेशींत आधीच झालेले बदल एकाएकी मागे फिरत नाहीत. शिवाय पूर्वी ज्या स्त्रिया इतर संसर्गांनी लवकर मरत, त्या आता कर्करोग होण्याएवढ्या जगू लागल्या. एका रोगातून वाचलेल्या स्त्रीला दुसरा गाठू लागला.

२१.
हा पेच सर्वांत तीव्र झाला आफ्रिकेच्या दक्षिण भागात, कारण दोन्ही विषाणूंचे प्रमाण तिथे मोठे होते आणि पॅप तपासणीसाठी लागणारे पेशीतज्ज्ञ व प्रयोगशाळा तुरळक होत्या. झांबियाच्या लुसाका शहरात २००६ साली ग्रोसबेक पारहम आणि मुलिंडी म्वानाहामुंटू या डॉक्टरांनी वेगळी वाट धरली. आंतरराष्ट्रीय निधीतून उभ्या राहिलेल्या एचआयव्ही सेवेच्या शेजारीच, सरकारी दवाखान्यांत, त्यांनी गर्भाशयमुखाची तपासणी सुरू केली. ती करणाऱ्या परिचारिका होत्या.

२२.
पद्धत साधी होती. गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखे सौम्य ॲसिटिक आम्ल लावायचे. बिघडलेल्या पेशींचा भाग काही क्षणांत पांढरा दिसतो. साध्या डिजिटल कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र घ्यायचे, ते त्या स्त्रीलाही दाखवायचे आणि गरज असल्यास त्याच भेटीत अतिशीत उपचाराने तो भाग नष्ट करायचा. अवघड छायाचित्रे तज्ज्ञांकडे पाठवली जात. सात-आठ वर्षांत एक लाखाहून अधिक स्त्रियांची तपासणी या कार्यक्रमात झाली. अमेरिकेत व्याख्या बदलून जी गोष्ट कागदावर मान्य झाली होती, ती लुसाकाने एका खोलीत प्रत्यक्ष करून दाखवली.

२३.
या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. पॅप तपासणी खेड्यापाड्यांत नेणे अवघड असल्याने स्वस्त पर्याय शोधण्याचे दोन मोठे प्रयोग येथे झाले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन ॲसिटिक आम्लाची तपासणी केली. त्यामुळे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला.

या दोन्ही प्रयोगांत तुलनेसाठीच्या गटातील स्त्रियांची तपासणी झाली नाही, यावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले. त्या स्त्रियांचे ऋण या ज्ञानावर आहेच.

२४.
हे दोन्ही अभ्यास सर्वसाधारण स्त्रियांचे होते. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांसाठी हीच साधने किती उपयोगी, हा प्रश्न पुण्यात हाताळला गेला. १ एप्रिल २००४ पासून भारतात एआरटीची मोफत औषधे सरकारी केंद्रांतून मिळू लागली होती. म्हणजे येथील स्त्रियाही आता दीर्घकाळ जगणार होत्या. पुण्यातील ‘प्रयास’ संस्थेच्या संशोधकांनी एचआयव्हीबाधित अकराशेहून अधिक स्त्रियांची वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी करून त्या पद्धतींची तुलना केली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले.

२५.
अशा अनेक देशांतील अभ्यासांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली स्वतंत्र मार्गदर्शन दिले. सर्वसाधारण स्त्रीने वयाच्या तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही तपासणी करावी. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीने ती पंचविशीपासून, दर ३ ते ५ वर्षांनी करावी. लशीच्या बाबतीतही त्यांच्यासाठी किमान दोन आणि शक्य असल्यास तीन मात्रांची शिफारस आहे, मग इतरांना एकच मात्रा का दिली जात असेना. लस संसर्गाआधी दिली, तरच तिचा पूर्ण लाभ होतो. आधीच संसर्ग झालेल्या स्त्रीसाठी तपासणीला पर्याय नाही.

२६.
ज्ञान आहे, साधन आहे, मार्गदर्शनही आहे. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के भारतीय स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी करून घेतल्याचे सांगितले. एआरटी केंद्रात औषधे घेण्यासाठी वर्षानुवर्षे नियमित येणारी स्त्री आरोग्यव्यवस्थेच्या नजरेसमोर असते. तिला वेगळे शोधत जावे लागत नाही. तिच्या गोळ्यांची आणि सीडी-४ ची नोंद ज्या कागदावर होते, त्यावर गर्भाशयमुखाच्या तपासणीची तारीखही असायला हवी.

२७.
जगात दरवर्षी सुमारे साडेतीन लाख स्त्रिया या कर्करोगाने मरतात. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण नोंदले जातात. जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत रोगाने तपासणीसाठी कित्येक वर्षांची सवड दिलेली असते.

बेडफर्ड हिल्सच्या तुरुंगातील स्त्रियांकडे ना प्रयोगशाळा होती, ना पदव्या. आपल्याला जे होत आहे त्याचे नाव यादीत असावे, एवढीच त्यांची मागणी होती. ते नाव यादीत येऊन आता तीन दशके उलटली. नाव आल्यानंतरची तपासणी मात्र बहुतांश स्त्रियांपर्यंत अजून पोहोचायची आहे.

(समाप्त)